चुलीच्या तीन दगडांची कहाणी

ऐका, चुलीच्या दगडांनो, तुमची कहाणी. ही कहाणी खरी आहे. कुलदैवताची शपथ, दोन्ही डोळ्यांची शपथ, अक्षर न् अक्षर खरी आहे. आता बोटीत आपल्यापैकी कुणी नव्हतं, हे कबूल. समुद्राला विचारलं तर तो होही म्हणतो आणि नाहीही म्हणतो. राजाच्या जन्माबद्दल दोन मतं आहेत, आणि दोन्ही अवघड आहेत. पण बाकीची सगळी खरी. निदान रडण्याचा भाग तरी पक्का खरा.

तर आटपाट म्हणावं असं एक नगर शरयू नदीच्या काठी होतं. समुद्र तिथून इतका लांब, की लोकांना तो गप्पांतूनच माहीत. नगराला राजा होता, राजाला राणी होती, राणीला एक लेक होती आणि लेकीच्या पाठीवर एक लेक होता. लेकीचं नाव नदीवरून शरयूच ठेवलं होतं. वाड्यात आचारी होते, वाढपी होते, तरी राणीनं परसात स्वतःची चूल मांडली होती. तीन दगडांची. दगड नदीतून आणलेले, तांबूस, ठिपक्याठिपक्यांचे. राणी रोज तिथं भात करायची, आणि शरयू तिच्याजवळ बसून धूर खायची.

एके दिवशी काय झालं? राजा सकाळी उठला तो घामाघूम. म्हणाला, "अहो, ऐकलंत का? माझ्या स्वप्नात देव आला."

राणी म्हणाली, "काय म्हणाला?"

"म्हणाला, लेकीला बोटीत बसव आणि पूर्वेला पाठव. तिथं एक राजा लग्नाचा आहे."

"कुठं पूर्वेला?"

"जमीन संपते तिथं. कोरिया." आता तेव्हा त्या देशाला कोरिया म्हणत नसत, पण आपल्याला कळायला हवं.

"घरात कोण कोण आहे मुलाच्या?"

"कुणी नाही."

"म्हणजे?"

"तो अंड्यातून निघालाय."

राणीनं हातातला तांब्या खाली ठेवला.

"सोन्याचं होतं अंडं," राजा घाईघाईनं म्हणाला. "आकाशातून उतरलेलं."

मग जोशीबुवांना बोलावलं. जोशीबुवांनी पाट मांडला, पंचांग उघडलं आणि विचारलं, "जन्मवेळ कोणती धरू महाराज? अंडं उतरलं ती, की अंडं फुटलं ती?"

"फरक पडतो?"

"पडतो तर. एका वेळेला मंगळ आहे."

"मग दुसरी धरा."

दुसरी धरली. छत्तीसच्या छत्तीस गुण जुळले. सासू नाही म्हटल्यावर जुळायलाच हवे होते.

मग भरल्या दरबारात राजानं राणीला विचारलं, "तुम्हालाही तेच स्वप्न पडलं ना?" राणीनं दरबाराकडे पाहिलं. दरबार तिच्याकडे बघत होता. राणी म्हणाली, "हो. मलाही पडलं." दरबार म्हणाला, धन्य. दोघांना एकच स्वप्न म्हणजे देवाचंच काम.

शरयू परसात गेली. आई भात ढवळत होती. शरयू म्हणाली, "आई, तुला खरंच पडलं?"

आई वर न बघता म्हणाली, "हो गं."

मग शरयूनं चुलीत एक काटकी सरकवली. तिचं वय सोळा होतं.

मग काय केलं? नदीनं खाली आले, खाडीला लागले, समुद्राशी पोचले. तिथं मोठी बोट बांधली, तांबडं शीड लावलं, शरयूला बसवलं, बोट सोडली. समुद्रानं बोटीकडे पाहिलं आणि वाळक्या पानासारखी भिरकावली. बोट तिसऱ्या दिवशी परत आली. मग शांती केली, पूजा केली, पुन्हा सोडली. पुन्हा परत आली. नावाडी म्हणाले, "महाराज, बोट हलकी आहे. तळाशी वजन हवं."

राजा म्हणाला, "सोन्याच्या पेट्या ठेवा." ठेवल्या. तरी बोट हलकीच.

मग आई कुणाला काही न बोलता बैलगाडीत बसली. घरी गेली, परसात गेली, चूल मोडली. राखेतून तीन दगड उपटले. जमिनीत तीन काळे खळगे राहिले. आई महिन्यानं किनाऱ्यावर परत आली. दगड तिनं स्वतः उचलून बोटीच्या तळाशी ठेवले. बोट पाण्यात हातभर खाली बसली आणि हलेनाशी झाली.

आई म्हणाली, "शरयू, तुला एक वसा सांगते. उतू नको, मातू नको, घेतला वसा टाकू नको."

"काय करायचं आई त्याला?"

"आजची तिथी ध्यानात ठेव. दर वर्षी या तिथीला दगडांना न्हाऊ घाल, हळदकुंकू लाव, मूठभर तांदूळ ठेव. मग त्यांच्यापाशी बस आणि वर्षाचं सगळं सांग. गोड सांग, कडू सांग, जे असेल ते सांग. मी इकडे खळग्यांना कान लावून बसेन. मला ऐकू येईल."

"आणि नाही सांगितलं तर?"

"नाही सांगितलंस तर दगड वाट बघतील. पण खोटं सांगितलंस तर दगड हलके होतील."

"मग काय होईल?"

आई म्हणाली, "ते मला विचारू नको." आणि तोंड फिरवून वाळूत जाऊन बसली.

मग बोट सुटली. महिने गेले. शिडाचा रंग उडाला, शरयूचा उडाला, आणि एका सकाळी जमीन संपते ती जागा आली.

किनाऱ्यावर सरदार उभे होते. म्हणाले, "चला राणीसाहेब, राजवाड्यात." शरयू म्हणाली, "नवरा मुलगा कुठाय?" म्हणाले, "राजवाड्यात बसलाय." शरयू म्हणाली, "मी समुद्र ओलांडून आले. त्याला वेशीपर्यंत येववत नाही?" आणि बोटीतच बसून राहिली. शेवटी राजा स्वतः आला. उंच होता, फिकट होता, स्वभावानं चांगला होता. अंड्यातून आल्यामुळे त्याला थंडी फार वाजायची. त्याच्या वाड्यात जेवणात अंडं कधी करत नसत. न जाणो, कुणीतरी नात्यातलं निघायचं.

शरयूनं वाटेतल्या डोंगराला आपला शालू चढवला. तिथल्या देवाला वाहायला हाताशी दुसरं काही नव्हतं. डोंगर मोठा, शालू नऊवारी. पुरला नाही. तरी डोंगरानं मान दिला म्हणतात.

लग्न झालं. दगड तिच्या दालनात मांडून ठेवले.

मग पहिलं वर्ष कसं गेलं? नदीचं पाणी कडक झालं आणि त्याच्यावरून बैल चालत गेला. जमिनीत पुरलेल्या रांजणातला मुळा काढून खायचा. तिचं नाव कुणाला उच्चारता येईना. सगळे तिला समुद्राकडची म्हणायचे. राजा चांगला, पण दिवसभर राज्य करायचा आणि संध्याकाळी शेकोटीपाशी बसून थरथरायचा. बोलायला एकच होती, दाल्ले नावाची म्हातारी, मुदपाकखान्यात भांडी घासणारी. तिला शरयूची भाषा येत नव्हती, शरयूला तिची. दोघी आपापल्या भाषेत बोलायच्या. दोघींचं भांडणसुद्धा व्हायचं.

मग तिथी आली. शरयूनं दगड धुतले, हळदकुंकू लावलं, तांदूळ ठेवले. बोलायला तोंड उघडलं. मनात आलं, इतक्या लांब आई खळग्यांना कान लावून बसली असेल. तिला कसं सांगू, मला करमत नाही? ती काय करणार? नुसती झुरत बसेल.

शरयू म्हणाली, "आई, मी मजेत आहे. इथं सगळं आपल्यासारखंच आहे."

आणि पहिला दगड वाळक्या भोपळ्यासारखा हलका झाला.

दाल्लेनं दगड उचलून पाहिला. म्हणाली, "हा काल जड होता." शरयू म्हणाली, "थंडीनं सुकला असेल." दाल्ले म्हणाली, "दगड?" शरयू म्हणाली, "तू भांडी घास."

त्या साली काय झालं? राज्यातला तांदूळ दिसायला तेवढाच, पण पोट भरेना. माणसं दोन दोन वाडगे जेवायची आणि उपाशी उठायची.

मग दुसरं वर्ष कसं गेलं? शरयूला दिवस गेले. लेक झाली. राजाला कोण आनंद, कारण त्याच्या घराण्यात अंड्याशिवाय झालेलं ते पहिलंच माणूस. पाळणा बांधला. बाराव्या दिवशी बारसं करायचं ठरलं. शरयूनं नाव मनात धरलं होतं, कुणाला सांगितलं नव्हतं. नवव्या दिवशी लेक गारठली ती गेली. टेकडीवर लहानसा ढिगारा केला, त्याच्यावर पाच दगड ठेवले. पाळणा कुणी सोडला नाही. सोडायचं कुणी, हे कुणाला विचारवेना.

मग तिथी आली. शरयूनं दगड धुतले, हळदकुंकू लावलं, तांदूळ ठेवले. बोलायला तोंड उघडलं. खिडकी उघडी होती. वारा सुटला होता.

शरयू म्हणाली, "आई, मी मजेत आहे. पाळणा हलतोय."

आणि दुसरा दगड हलका झाला.

त्या साली काय झालं? समुद्रात टाकलेली जाळी वर तरंगायला लागली. खाली मासे, वर जाळी. कोळी बोटीत बसून दोघांकडे बघत राहायचे. गावातल्या दगडी भिंती वाऱ्यानं डोलायला लागल्या. माणसं कपडे वाळत घालायची तसे भिंतींना चिमटे लावायची.

मग तिसरं वर्ष कसं गेलं? कसंही गेलं. शरयूला आपल्या भाषेतले शब्द आठवेनात. अळूला काय म्हणतात ते आठवायला तिला सबंध पावसाळा लागला. आणि रोज सकाळी पहिला विचार यायचा तो आईचा, आणि तो चांगला नसायचा.

मग तिथी आली. शरयूनं दगड धुतले, हळदकुंकू लावलं, तांदूळ ठेवले. म्हणाली, "आई, मी मजेत आहे. तुझी आठवण काढायलासुद्धा वेळ होत नाही."

आणि तिसरा दगड हलका झाला. झाला तो झाला, जागचा उठला. त्याच्यामागे दुसरा उठला, त्याच्यामागे पहिला. तिन्ही दगड आढ्याला जाऊन टेकले.

मग राज्यात जड असं काही राहिलं नाही. हंडे चुलीवर ठरेनात. बैल नांगर ओढायचे तो वरच्या वर. राजा मुळात पोकळ जागेतून आलेला, तो सगळ्यांत आधी उडाला. त्याच्या पायाला दोर बांधला, दोराचं टोक दोन शिपायांनी धरलं. दरबार रोज भरायचा. राजा वरून न्याय द्यायचा, खाली नीट ऐकू यायचं नाही, त्यामुळे तंटे दुप्पट झाले. वैद्य आले. म्हणाले, "महाराजांनी पोटभर जेवावं." जेवण कुठं होतं? लोकांच्या बरगड्या मोजता यायच्या. म्हातारी माणसं एकमेकांचे हात धरून चालायची, म्हणजे एकटं कुणी जायला नको.

टेकडीवरच्या ढिगाऱ्यावरचे पाच दगडही गेले. माती भुरभुरायला लागली. मग शरयू रोज सकाळी टेकडीवर जायची आणि दिवस मावळेपर्यंत त्या ढिगाऱ्यावर हात ठेवून बसायची.

एक दिवस ती तशीच बसली असताना समुद्रात तांबडा ठिपका दिसला. ठिपक्याचं शीड झालं. शिडाखाली बोट झाली. शरयू पडत धडपडत किनाऱ्याला आली. डोलकाठीला धरून एक उंच जवान उभा होता. दाढी आलेली होती, तरी तिनं ओळखला. तिचा भाऊ.

भाऊ ओरडला, "ताई! आई आलीय!"

"कुठाय?"

"तळाशी! वजन म्हणून बसलीय! घरात चुलीला दगड उरले नव्हते!"

आणि खरंच, बोटीच्या पोटातून आईचं डोकं वर आलं. पांढरंशिप्पट. 

भावानं नांगर टाकला. नांगर बदकासारखा पाण्यावर बसला. पुन्हा टाकला. पुन्हा वर. दोर फेकला, तो हवेतच राहिला. वारा जमिनीकडून होता. बोट आली तशी मागे सरायला लागली. भाऊ ओरडला, "ताई, काहीतरी कर! आमचं पाणी संपलंय!"

शरयू काय करणार? तिला कळलं होतं हे कशानं झालं. दाल्लेलाही कळलं होतं. दाल्ले म्हणाली, "जा. मी इथून बघते आणि तुला ओरडून सांगते."

शरयू दालनात धावली. तिन्ही दगड आढ्याला. ती जमिनीवर उताणी पडली आणि वर बघून म्हणाली, "दगडांनो, मला इथं करमत नाही. पहिल्या दिवसापासून करमलं नाही. मुळ्याचा वास आला की मला अजून उमळून येतं."

पहिला दगड धाडकन खाली आला. दालनात आणून ठेवलेल्या मुळ्याच्या रांजणावरच आला. रांजण फुटला.

"दाल्ले! बोट कुठाय?"

"लांब चाललीय!"

शरयू म्हणाली, "दगडांनो, मला लेक झाली होती. नऊ दिवसांची गेली. पाळणा हलत होता तो वाऱ्यानं." 

दुसरा दगड खाली आला. फरशीत रुतला.

"दाल्ले! बोट कुठाय?"

"थांबलीय! नाही, चालली! हळूहळू चालली!"

तिसरा दगड उरला. शरयूनं तोंड उघडलं, मिटलं. उघडलं, मिटलं. ते खरं दगडांना सांगून भागणार नव्हतं. ज्या माणसाचं होतं ते माणूस पाण्यात होतं. मग तिनं पेटीवर पेटी चढवली, वर चढली, तिसऱ्या दगडाला पदराचा काठ बांधला आणि त्याला ओढत किनाऱ्याकडे निघाली. पुढे राणी, डोक्यावर तरंगणारा दगड, मागे दोराला बांधलेला राजा आणि दोर धरलेले शिपाई. लोक घरांतून बाहेर आले. कुणी हसलं नाही.

बोट आता इतकी लांब गेली होती, की आईचं डोकं कापसाच्या बोंडाएवढं दिसत होतं.

शरयू कमरेइतक्या पाण्यात गेली आणि ओरडली, "आई! मला तुझा राग आहे!"

बोटीतलं कापसाचं बोंड तिच्याकडे वळलं.

"दोघांच्या स्वप्नासाठी तू मला बोटीत बसवलंस! एकदा नको म्हणाली असतीस, एकदा! मला रोज सकाळी राग येतो! आठवण येते त्याच्या आधी राग येतो!"

दगड हातभर खाली आला आणि तिथंच लोंबकळत राहिला. बोटीचा नांगर निम्मा बुडाला आणि थांबला. सगळे बघत राहिले. शरयूकडे आणखी खरं नव्हतं. होतं तेवढं तिनं दिलं होतं.

मग बोटीतून आवाज आला. म्हातारा होता, पण आला.

"शरयू! मला स्वप्न पडलं नव्हतं गं!"

"काय?"

"मला पडलंच नव्हतं! त्यांना पडलं! सगळे बघत होते म्हणून मी हो म्हटलं! बोट दोनदा परत आली ती माझ्यामुळे! पहिल्याच वर्षी तू मजेत म्हणालीस तेव्हा खळगा रिकामा वाजला! तेव्हाच मी निघाले! दोन वर्षं समुद्र मला परत लोटत होता!"

आणि नांगर दगडासारखा तळाला गेला. तिसरा दगड शरयूच्या पायाशी पाण्यात पडला. भिंती जागेवर बसल्या. राजा पंधरा हातांवरून वाळूत पडला आणि पडल्या पडल्या म्हणाला, "आता थंडी कमी वाटते."

आई उतरली. दोन माणसांनी धरून उतरवली. अंगावर मूठभर मांस नव्हतं. ती काय वजन म्हणून पुरली होती, देव जाणे. शरयू तिच्या गळ्यात पडेल असं सगळ्यांना वाटलं. शरयू पडली नाही. दोघी एकमेकींसमोर उभ्या राहिल्या. शरयू म्हणाली, "राग गेलेला नाही." आई म्हणाली, "असू दे. चूल कुठाय?"

मग तीन दगड मांडले, विस्तव केला, तांदूळ वैरला. शरयूनं लेकीचं सांगितलं. आईनं विचारलं, "नातीचं नाव काय होतं?"

शरयू म्हणाली, "बारसं झालं नव्हतं."

आई उठली. म्हणाली, "बारशाशिवाय कसं?" तिनं चुलीचा एक दगड काढला, धुतला, कुंची घातली, जसा आपण बारशाला वरवंटा सजवतो तसा सजवला. पाळण्याच्या एका बाजूला आई, एका बाजूला शरयू. दगड या हातातून त्या हातात दिला, पाळण्याखालून घेतला, वरून दिला. दाल्लेला काय चाललंय ते कळेना, पण तीही पदर डोक्यावर घेऊन उभी राहिली. शरयूनं मनात धरलेलं नाव तीनदा पाळण्यात सांगितलं. ते नाव कहाणीत नाही. ते तिचं आहे. मग शरयूनं स्वतः पाळणा सोडला. दुसऱ्या दिवशी तो कुंची घातलेला दगड टेकडीवर नेऊन ढिगाऱ्यावर ठेवला. तो हलला नाही.

त्या दिवशी चुलीला दोनच दगड उरले. तिसऱ्या बाजूनं हंडा कुणी धरायचा? राजानं धरला, दोन्ही हातांनी. चटके बसत होते, पण चेहरा राजाचा.

दाल्ले म्हणाली, "महाराज, भाजतंय का?"

राजा म्हणाला, "नाही."

हंडा हातभर वर उडाला.

दाल्ले म्हणाली, "खरं बोला!"

राजा म्हणाला, "भाजतंय! फार भाजतंय! आई गं!" त्याला आई नव्हती, तरी म्हणाला. हंडा खाली आला, भात शिजला. तीन वर्षांनी त्या राज्यात पहिल्यांदा माणसं जेवली आणि पोट भरलं.

आई तो हिवाळा राहिली. दोघी चुलीपाशी बसायच्या. कधी बोलायच्या, कधी भांडायच्या. शरयूचा राग कधी निम्मा व्हायचा, कधी पुन्हा भरायचा. आईनं एकदाही त्याला जा म्हटलं नाही. बर्फ वितळायला लागलं तेव्हा आई गेली. परतीची बोट भरून तयार होती, पाणी होतं, वजन होतं. भाऊ एकटाच गेला. आईला टेकडीवर नातीच्या शेजारी ठेवलं.

मग शरयूला मुलं झाली. एक नाही, दोन नाही, दहा मुलगे. सगळे जगले. नावं ठेवायची वेळ आली तेव्हा शरयू म्हणाली, "आठ तुमच्या कुळाचे. दोन माझ्या. त्यांना माझ्या माहेरचं नाव लागेल."

राजा म्हणाला, "बरं."

दाल्ले म्हणाली, "खरं?"

राजा म्हणाला, "नाही. मला वाईट वाटेल. पण ठेवा."

ठेवलं. दोन मुलांचा वंश वाढला. समुद्राकडच्या राणीचं आडनाव लावणारी माणसं अजून तिकडे आहेत म्हणतात, आणि लग्न जुळवायचं झालं की तिकडचेही जोशी पुस्तक उघडून म्हणतात, थांबा, ही तर भावकी. शरयू पुन्हा माहेरी आली नाही. तिला शेवटपर्यंत मुळा आवडला नाही. दर वर्षी तिथीला ती उरलेल्या दोन दगडांपाशी बसायची आणि सांगायची. ऐकायला दुसऱ्या टोकाला कुणी नव्हतं, हे तिला माहीत होतं. ते पण सांगायची.

हा वसा कुणी घ्यावा? ज्या बाईचं माहेर लांब आहे तिनं घ्यावा. जिचं माहेर गल्लीच्या टोकाला आहे तिनंही घ्यावा, कारण लांब म्हणजे किती, ते गल्लीवर नसतं. याला उपास नाही, सोवळं नाही. हा वसा घेऊन सुख मिळतं असं कुणी सांगितलं तर ती बाई हंडा उडवणार आहे असं समजा. पण जशी शरयू राणी वाऱ्यानं गेली नाही, जमिनीला धरून राहिली, तशा तुम्ही आम्ही राहू. साठ उत्तरांची ही कहाणी. पंचावन्न समुद्रात पडली, पाच किनाऱ्याला लागली. तेवढीच सुफळ, तेवढीच संपूर्ण.

थांबा. उठू नका. प्रसाद नंतर.

कहाणी फुकट ऐकायची नसते. नारळ नको, विडा नको, सुट्टे तर नकोच नको. पर्समधून फोन काढा. आईला लावा. ती विचारेल, कशी आहेस? तिथं एक शब्द सोडून काहीही बोलायचं. कोणता शब्द, ते तुम्हाला माहीत आहे. ज्यांची आई नाही त्यांनी लेकीला लावा, आणि ती तो शब्द बोलली तर फोन ठेवू नका.

दाराला आतून कडी आहे. दिल्याशिवाय कुणी जायचं नाही. चला, वैजूवहिनी, तुमच्यापासून. स्पीकरवर ठेवा.